प्राजक्त तोडत नाहीत, वेचतात: पुस्तकांवरच्या अधिकृत वस्तूंचा छोटा स्टुडिओ कसा चालवायचा

कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत कटिंगचं टेबल, एक हीट प्रेस (उष्णतेने छाप उमटवायचं मशीन) आणि भिंतीला लागून लोखंडी रॅक. मागच्या खोलीत स्क्रीन छपाई, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई दाबून केलेली छपाई. इथे मी मराठी पुस्तकांवरच्या वस्तू बनवते: कापडी पिशव्या, बिल्ले, वाचनखुणा, वह्या, थोडेफार मग. हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाची वस्तू असेल तर तिच्यामागे लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा लेखी परवाना असतोच. हे काम सुरू कसं करायचं असं बरेच जण विचारतात, विशेषतः कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

पहिला प्रश्न हमखास मशीनचा असतो: कोणतं घेऊ, केवढ्याला मिळेल? मशीन सगळ्यात शेवटी घ्या. पहिलं वर्षभर मी सगळं काम बाहेरून करून घेत होते, त्यात काही अडलं नाही. या धंद्याचा कच्चा माल म्हणजे परवानगी. ती नसेल तर बाकीचं सामान घरात आणू नका.

हे मला कसं कळलं तेही सांगते. कॉलेज सुटल्यावर एका कार्यक्रमासाठी मी एका कवींच्या दोन ओळी छापलेले चाळीस मग केले होते. दोन दिवसांत संपले. आठवड्याभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "बाबांचं नाव का नाही छापलं?" मगवर जागा लहान, ओळी नीट बसत नव्हत्या, म्हणून मी नाव काढलं होतं. पैशांचा विषय त्यांनी काढलाच नाही. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, हिशोब दिला आणि तिथेच पहिल्यांदा परवान्याबद्दल बोलले. आज मला परवाना देणाऱ्यांत त्या सर्वांत जुन्या आहेत.

हक्क कोणाकडे आहेत

पुस्तक घ्या आणि मुखपृष्ठ उलटल्यावर येणारं श्रेयाचं पान उघडा. तिथे प्रकाशकाचं नाव, आवृत्त्यांची यादी, "सर्व हक्क" कोणाचे, मुखपृष्ठ कोणाचं हे सगळं बारीक अक्षरात असतं. हे पान म्हणजे तुमचा नकाशा. एका पुस्तकात चार-पाच जणांचे हक्क वेगवेगळे असू शकतात. मजकूर लेखकाचा, मुखपृष्ठ चित्रकाराचं, आतली रेखाटनं आणखी कोणाची, शीर्षकाचं अक्षर सुलेखनकाराचं. कादंबरीचा परवाना मिळाला म्हणून मुखपृष्ठावरचं चित्र पिशवीवर छापायची मुभा मिळत नाही. त्याच कादंबरीवर चित्रपट निघाला असेल तर नायिकेचा चित्रपटातला चेहरा, तिथली वेशभूषा, पोस्टर यांचे हक्क आणखी तिसऱ्याकडे. मी म्हणूनच मुखपृष्ठाला आणि चित्रपटाला हात लावत नाही. मजकुरातून नवं चित्र काढून घेते आणि चित्रकाराशी वेगळा करार करते.

लेखक हयात असतील तर सोपं. नसतील तर भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. बहिणाबाई चौधरींचं गणित थोडं निराळं आहे. त्या १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून तिथे १ जानेवारी २०१३ धरायची. मूळ मजकूर खुला झाला तरी नव्या आवृत्तीतली चित्रं, टिपा, अनुवाद हे खुले होत नाहीत, हे विसरू नका.

आणि हक्क संपलेल्या पुस्तकाच्या वस्तूवर "अधिकृत परवानाप्राप्त" असं लिहू नका. परवाना द्यायला कोणी उरलेलंच नाही, मग अधिकृत कशाच्या जोरावर म्हणायचं? अशा पिशव्यांवर मी फक्त लेखकाचं नाव आणि ओळ कुठली आहे ते छापते.

"चार ओळींपर्यंत चालतं" ही समजूत सगळीकडे पसरली आहे. कायद्यात ओळींचा असा कोणताही आकडा नाही. समीक्षेसाठी, संशोधनासाठी, बातमीसाठी अवतरण देण्याची सूट आहे. विक्रीच्या मगवर छापणं त्यात बसत नाही. कवितेच्या दोन ओळी म्हणजे कधीकधी तिचा जीवच असतो.

परदेशी पुस्तकांबद्दल फार विचारतात. हॅरी पॉटरच्या वस्तूंचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे आहेत, त्यामुळे मराठी अनुवादाच्या प्रकाशकाला पत्र लिहून उपयोग नाही, त्यांच्याकडे ते हक्कच नाहीत. एवढ्या मोठ्या कंपन्या किमान हमी रक्कम आधी मागतात आणि ती दोन खोल्यांच्या स्टुडिओच्या आवाक्यातली नसते. आपल्याकडे मराठीत जीव लावून वाचली जाणारी इतकी पुस्तकं आहेत की एका आयुष्यात पुरून उरतील.

पत्र, भेट आणि करार

पहिलं पत्र एका पानाचं ठेवा. तुम्ही कोण, कोणतं पुस्तक, त्यातलं नेमकं काय वापरणार, कोणत्या वस्तू, किती नग, अंदाजे किंमत, रॉयल्टी किती द्याल. ज्येष्ठ लेखकांना मी पत्र टपालानेच पाठवते, वहीच्या नमुन्यासह, आणि दहा दिवसांनी फोन करते. व्हॉट्सअॅपवर "सर परमिशन मिळेल का" असं पाठवू नका.

वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एका कथासंग्रहासाठी माझी थोरल्या मुलाशी तोंडी बोलणी झाली, नमुनेही झाले, आणि मग कळलं की धाकटी बहीण न्यू जर्सीला असते आणि तिला यातलं काहीच माहीत नाही. तिने नकार दिला नाही, पण पाच महिने गेले. आता मी पहिल्याच भेटीत विचारते, "आणखी कोणाला विचारावं लागेल?" लेखकाचा प्रकाशकाशी झालेला जुना करारही बघायला मागते. मी पाहिलेल्या बऱ्याच जुन्या करारांत फक्त त्या आवृत्तीपुरतं लिहिलेलं असतं, वस्तूंचा उल्लेखच नसतो. पण काहींत "अन्य सर्व हक्क" प्रकाशकाला दिलेले असतात, आणि तसं असेल तर बोलणी प्रकाशकाशीच करायची.

करार लेखीच हवा, कायद्यालाही तो तसाच लागतो. माझा करार पाच पानांचा आहे, मराठीत, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, वकिलांच्या नजरेखालून गेलेला. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मला दुबई, सिंगापूर, अमेरिकेतून मराठी घरांच्या ऑर्डर येतात, म्हणून "जगभर" हा शब्द मला लागतो. हक्क मिळाल्यापासून वर्षभरात वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही नसेल, तर ते आपोआप संपतात, तेव्हा उगीच दहा पुस्तकांचे हक्क अडकवून ठेवू नका. वस्तूंची यादी करा: "पिशवी, बिल्ला, वही, वाचनखूण." नुसतं "विविध वस्तू" लिहिलंत तर उद्या दोघांच्याही मनात वेगवेगळं चित्र असतं.

मंजुरीचे टप्पे मी तीन ठेवते. पहिलं पेन्सिलचं रेखाटन, मग छापलेला कच्चा नमुना, मग पक्का माल निघण्याआधीचा शेवटचा नमुना. प्रत्येक टप्प्याला लेखकांना पंधरा दिवस. काही जण सुचवतात की पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार समजावा. मी ते कलम घालत नाही. ऐंशीच्या लेखकाला दवाखान्यात ठेवलेलं असू शकतं, आणि तेवढ्यात आपण माल काढून बसायचं, हे मला पटत नाही.

कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली हक्क विकले तरी लेखकाचा आपल्या नावावरचा आणि लेखनाची मोडतोड रोखण्याचा अधिकार शिल्लक राहतो. त्यामुळे वाक्य जसं आहे तसं छापायचं. जागा नाही म्हणून विशेषण गाळायचं नाही.

पुस्तक पुन्हा वाचा, हातात पेन्सिल घेऊन

वाचक वस्तू विकत घेतो ती त्यात त्याला त्याचं पुस्तक ओळखू येतं म्हणून. त्यामुळे चित्र काढण्याआधी पुस्तक तीनदा वाचते. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा वहीत दोन रकाने करून: एकात वस्तू, झाडं, कपडे, रंग, घराची रचना, दुसऱ्यात पान क्रमांक. तिसऱ्यांदा फक्त त्या जागा, ज्या वाचकांनी ग्रंथालयाच्या प्रतींमध्ये अधोरेखित केल्या आहेत. जुन्या ग्रंथालयाची प्रत मागून घ्या. चाळीस वर्षांत कोणकोणत्या वाक्यांखाली रेघा पडल्या आहेत हे बघितलं की कोणती ओळ छापायची ते वेगळं शोधावं लागत नाही.

एका कादंबरीत जुना वाडा आहे, वाड्याच्या अंगणात प्राजक्त आहे आणि घरातली धाकटी मुलगी सकाळी फुलं घेऊन येते. आमच्या चित्रकाराने सुंदर रेखाटन केलं. मुलगी टाचा उंचावून फांदीवरचं फूल तोडते आहे, ऊन पडलं आहे, झाड फुलांनी भरलं आहे. मलाही फार आवडलं. लेखिकांकडे घेऊन गेले. त्या शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी कागद चष्म्याजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, प्राजक्त तोडत नाहीत. वेचतात."

बरोबरच होतं. प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे गळतो. उन्हात भरलेलं झाड कधी दिसतच नाही, सडा जमिनीवर असतो. कादंबरीत "वेचून" असाच शब्द होता, पान ४३ वर, आणि तो माझ्या वहीतही होता. चित्रात तो उतरला नव्हता एवढंच. पाकळ्याही आम्ही सगळ्या फुलांना पाच-पाच काढल्या होत्या. प्राजक्ताला पाचपासून आठपर्यंत असतात, आणि देठ केशरी. दुसऱ्या रेखाटनात मुलगी उकिडवी बसली, ओंजळीत फुलं, अंगणात अजून उजाडायचं आहे, आणि देठांचा केशरी एवढाच रंग. तीच पिशवी आज माझी सगळ्यात जास्त खपणारी आहे. लोक स्टॉलवर येतात, मुलीच्या बसण्याकडे बघतात आणि पुस्तकाचं नाव स्वतःच घेतात.

देवनागरी अक्षराची काळजी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे फार माल वाया जातो.

आधी फॉन्ट. संगणकात आहे म्हणजे विक्रीच्या वस्तूवर वापरता येतो असं नाही, प्रत्येक फॉन्टचा परवाना वाचा. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट उपलब्ध आहेत. एक टाइपचे मुक्ता, बालू, मोदक हे मी सर्रास वापरते. मग मराठी वळण बघा. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात आणि बरेच फॉन्ट आधी हिंदी वळण दाखवतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट आपलं वळण देतात, नाहीतर फॉन्ट बदला. "ऱ्या" तपासा: "दुसऱ्या" मधला अर्धा र आडवा चंद्रासारखा यायला हवा, त्याचा "र्या" झाला तर वाचकाच्या डोळ्यात खुपतो. फाइल प्रेसला देताना अक्षरांचं आउटलाइन करूनच द्या, म्हणजे अक्षरं फॉन्ट न राहता चित्र होतात. तसं न केल्यामुळे प्रेसच्या संगणकावर जोडाक्षरं फुटली आणि वेलांटी भलत्याच अक्षराला लागली, असं माझ्या दोनशे वाचनखुणांचं झालं आहे.

आणि अनुस्वार. वर सांगितलेल्या कादंबरीसाठी २५ मिलिमीटरचा पितळी बिल्ला करायचा होता. त्यावर एकच शब्द, "अंगण", खाली एक फूल. हुपरी आमच्यापासून जवळ, चांदीच्या कामाचं गाव. तिथे एक कारागीर मामा आहेत, पैंजणांच्या डाय, म्हणजे ठसा उमटवायचे साचे, बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, ते मला डाय करून देतात. बिल्ल्यात धातूची उंच रेघ असते आणि रेघांच्या मधल्या खड्ड्यात मीना भरतात. अक्षर म्हणजे उंच रेघ. शिरोरेषेवर सुटा असलेला अनुस्वार म्हणजे रंगाच्या मधोमध उभा राहिलेला एक एकटा ठिपका, जेमतेम अर्धा मिलिमीटर. मीना भरला, भाजला, घासला, आणि ठिपका रंगाखाली गेला. शंभरपैकी साठेक बिल्ल्यांवर "अगण" झालं होतं.

मी ठिपका मोठा करायला सांगितलं. मामांनी भिंगातून डाय बघितली आणि म्हणाले, "मोठा केला की शिरोरेघेला चिकटतोय. खालचं फूल वर घ्या. ठिपक्याच्या जागी फूलच ठेवा." तसंच केलं. शिरोरेषेच्या वर, अनुस्वाराच्या जागी, सहा पाकळ्यांचं एक प्राजक्ताचं फूल बसवलं, मध्ये केशरी मीना. चित्र बदललं म्हणून बाईंची मंजुरी पुन्हा घेतली, त्यात तीन आठवडे गेले. छोट्या आकारात देवनागरी घेणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगते: अनुस्वार, रफार, नुक्ता, उकार हे आधी एका बाजूला काढा आणि ते कशाला धरून उभे आहेत ते बघा. आकार कागदावर खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून वाचा. संगणकाच्या स्क्रीनवर मोठं करून बघितलेलं काही उपयोगाचं नाही.

कापड, छपाई आणि बाकीचं

पिशवीसाठी कापड मी इचलकरंजीहून आणते. मांजरपाट स्वस्त आणि दिसायला गोड, पण त्याला खळ असते. खळ न काढता छापलंत तर दोन धुण्यांत शाई पोपडे धरते. शिवाय धुतल्यावर ते आटतं, म्हणून कापड आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून मग कापायला घ्यायचं. पुस्तकं भरायची पिशवी असेल तर पातळ मांजरपाट नको, जाड कॅनव्हास घ्या, आणि खांद्याला अडकवायचे बंद जिथे पिशवीच्या तोंडाशी जोडतात तिथे चौकोनात फुलीची शिवण मारून घ्या. माझी परीक्षा सोपी आहे: पिशवीत पाच जाड दिवाळी अंक आणि दोन कादंबऱ्या भरून खुंटीला रात्रभर टांगते.

छपाईला दोन रंगांच्या वर जाऊ नका, निदान पहिल्या वर्षी. प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, वेगळा पास, आणि जुळणी हलली की चित्र हललं. पाण्यावर आधारित शाई कापडात मुरते, स्पर्श मऊ राहतो. पण ती उष्णतेने पक्की केली नाही तर पावसाळ्यात एकेक पिशवी रंग सोडायला लागते. कोल्हापूरच्या जुलैत आम्ही छापतच नाही, कापडच ओलसर असतं. जून ते ऑगस्ट वह्या आणि वाचनखुणांचं काम.

बाहेर छापायला देत असाल तर एक गोष्ट करारात घ्याच: स्क्रीन, डाय आणि फाइली तुमच्या मालकीच्या, आणि काम झालं की परत. एका छापखान्याने माझ्या दोनशे पिशव्यांबरोबर आणखी साठ-सत्तर छापून परस्पर विकल्या. मला कळलं ते एका वाचकामुळे, तिने विचारलं की या पिशवीला आतलं क्रमांकाचं लेबल का नाही. त्या जादा पिशव्यांची रॉयल्टी मी माझ्या खिशातून बाईंना दिली आणि त्यांना काय झालं तेही सांगितलं. तेव्हापासून मागच्या खोलीत स्वतःची छपाई आहे. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो, पिशवीला आतल्या शिवणीत आणि बिल्ल्याला मागच्या कार्डावर.

वेष्टनावर कायद्याने लागतं ते छापा: निर्मात्याचं नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन. राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी सहसा लागतेच. सीएला आधी भेटा, नंतर नको.

आपल्या नव्या डिझाइनची नक्कल होऊ नये असं वाटत असेल तर एक कलम माहीत असू द्या. ज्या डिझाइनची नोंदणी डिझाइन कायदा, २००० खाली होऊ शकत होती पण केली नाही, त्यावरचा कॉपीराइट, कारखानी पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नग काढले की संपतो. चित्र आणि डिझाइन यांच्या सीमेवर कोर्टात वाद झाले आहेत, त्यामुळे वस्तूचा आकारच नवा असेल तर बाजारात आणण्याआधी वकिलांना विचारा.

हिशोब

माझ्या पिशवीचा खरा हिशोब मांडते, कर वगळून. कापड ७० रुपये, शिलाई ३०, छपाई ४०, लेबल आणि पॅकिंग २०. झाले १६०. विक्री किंमत ४५०. रॉयल्टी मी ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान देते, इथे १० धरू. स्वतः स्टॉलवर विकली तर ४५ रुपये लेखिकेला जाऊन माझ्याकडे २४५ राहतात. पुस्तकाच्या दुकानात ठेवली आणि दुकानाने ३५ टक्के घेतले तर हातात येतात २९२.५०. त्यातून १६० आणि रॉयल्टीचे ४५ गेले की उरले ८७.५०. त्यात वीज, बिघडलेले नग, चित्रकाराचं मानधन, माझा वेळ.

रॉयल्टी छापील किमतीवर की हातात येणाऱ्या रकमेवर, हे करारात शब्दांत लिहा. दुसऱ्या पद्धतीने वरच्या उदाहरणात लेखिकेला ४५ ऐवजी २९.२५ मिळाले असते. मी छापील किमतीवर देते. लेखकाला ते समजायला सोपं जातं, आणि दुकानाला किती कमिशन द्यायचं हा माझा प्रश्न आहे, त्याचा भार त्यांच्यावर नको.

आगाऊ रक्कम देताना पहिल्या खेपेचा आकार बघा. दहा हजार आगाऊ दिले तर ४५ रुपयांच्या हिशोबाने ती वसूल व्हायला २२३ पिशव्या विकाव्या लागतात, आणि पहिली खेप दोनशेचीच असते. दोनशेची पूर्ण रॉयल्टी ९,००० होते. मी तिच्या निम्मी, ४,५०० आगाऊ देते. बिल्ल्यांची डाय २,८०० रुपयांना पडते, ३०० बिल्ले काढले तर नगामागे ९ रुपयांच्या वर नुसता डायचा खर्च येतो, म्हणून शंभर बिल्ले काढायचा मोह टाळा किंवा आधी गिऱ्हाइकांची मागणी नोंदवून घ्या. आगाऊ नोंदणीत निम्मी मागणी जमल्याशिवाय मी डाय करायला देत नाही.

दर तिमाहीला परवाना देणाऱ्या प्रत्येकाला एक पान जातं: किती बनवले, किती विकले, किती खराब, किती नमुन्यात गेले, किती शिल्लक. रक्कम शून्य असली तरी पान जातं. एका वारसांनी मला सांगितलं की वडील गेल्यावर त्यांच्या पुस्तकाचा कोणी पाठवलेला हा पहिलाच हिशोब.

कुठे आणि कधी विकायचं

वर्षाची चार टोकं धरून चला: दिवाळी अंकांचा काळ, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरचा पुणे पुस्तक महोत्सव, साहित्य संमेलन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. संमेलनाला जाताना ते कुठल्या गावी आहे ते बघून माल न्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं संमेलन अमळनेरला होतं. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत. गुरुजींच्या ओळींच्या वह्या मी तिथे नेल्या, आणि त्या घ्यायला आलेले बहुतेक जण शिक्षक होते. एकेकाने वर्गासाठी वीस-वीस घेतल्या.

स्टॉलवर मूळ पुस्तक ठेवाच, प्रकाशकाकडून पाच प्रती घेऊन. बिल्ला बघून "हे कुठल्या पुस्तकातलं?" असं विचारणारं कॉलेजचं पोर त्याच जागी पुस्तक घेऊन जातं.

करार संपतो तेव्हा

मुदत संपल्यावर उरलेला माल विकायला नव्वद दिवस मिळतील असं करारात लिहून ठेवा, आणि नव्वद म्हणजे नव्वदच पाळा. मागच्या वर्षी एका कथासंग्रहाचा करार संपला. वारसांना पुढे वेगळ्या स्टुडिओबरोबर काम करायचं होतं. नव्वदाव्या दिवशी ३७ पिशव्या आणि ११ बिल्ले शिल्लक होते. वारसांना विचारून पिशव्या लेखकांच्या गावच्या वाचनालयाला दिल्या, बिल्ले त्यांना परत केले. स्क्रीनवरचं चित्र आम्ही धुवून काढलं. डाय हुपरीला मामांकडे नेली. त्यांनी ती ऐरणीवर ठेवून दोन घावांत आडवी फोडली आणि मी तुकड्यांचा फोटो काढून शेवटच्या हिशोबाच्या पानाला जोडला.

चौथ्या दिवशी वारसांचं पत्र आलं. नव्या स्टुडिओतल्या मुलीला अनुस्वाराचं तेवढं समजावून सांगाल का, असं त्यात विचारलं होतं. तिला मी बुधवारी दुपारी बोलावलं आहे.